साडेपाच गुंठ्यांचा ठिपका

सातबारा गुंठ्यांत बोलतो, म्हणून उपग्रहालाही त्याच मापात मोजून बघितलं. ‘रिसोर्ससॅट’ उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद भरतो: साधारण साडेपाच गुंठे. १९८८ साली बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१एच्या लिस-१चा ठिपका ७२.५ मीटरचा, म्हणजे ५२ गुंठ्यांचा. त्यात एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचं अख्खं रान, बांध, विहीर, वस्ती सगळं एकाच रंगात बुडायचं.

रिसोर्ससॅट-२ साधारण ८१७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. लिस-३ एका फेरीत सुमारे १४१ किलोमीटरचा पट्टा टिपतो आणि २४ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. त्याचं बघणं मात्र आपल्यासारखं नाही. हिरवा, लाल आणि आपल्याला न दिसणारे अवरक्त प्रकाशाचे दोन पट्टे तो मोजतो. तजेलदार पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं. तो अवरक्त पडद्यावर लाल दाखवायची रीत आहे. म्हणून एप्रिलमधला सोलापूर जिल्हा उघडला की नवखा माणूस बिचकतो. मोकळी रानं निळसर-हिरवट, उजनीचं पाणी काळं आणि पाण्याच्या आधारानं उभा असलेला ऊस लालभडक!

धरणाच्या काठी खरी पंचाईत होते. ऑक्टोबरात जिथे पाणी, तिथे ते ओसरल्यावर उन्हाळ्यात गाळपेर. मग त्या ठिपक्याला जलाशय म्हणायचं की शेत? एका तारखेचं चित्र इथे फसवतं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूवापर नकाशांसाठी खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी तिन्ही हंगामांची चित्रं शेजारी ठेवतात. खरिपात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांतून पार जाणारं रडार कामाला येतं. आणि दुष्काळी वर्षाची तुलना चांगल्या पावसाच्या वर्षाशी केली, तर न झालेले बदलही नकाशावर उमटतात; ही चूक शिकाऊ माणूस एकदा तरी करतोच.

माझी तक्रार आहे ती नावांबद्दल. कॅमेरा आकडे देतो, नाव आपण देतो. २००० साली आलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासपासून ‘झुडपी पडीक’ हा वर्ग नकाशांत पक्का बसला आणि दख्खनची कितीतरी माळरानं त्यात गेली. महसूल खातं तरी कुठे वेगळं? जे पिकत नाही ते पोटखराब्यात. धनगराला विचारा, तो त्याच जमिनीला चराई म्हणेल. पडीक ठरलेल्या जमिनीवर मग झाडं लावायच्या योजना येतात, सौर पॅनेल येतात. पुढच्या नकाशात तो बदल ‘सुधारणा’ म्हणून मोजला जातो.

नान्नजच्या बाजूला उन्हाळ्यात पडताळणीला जा. हातात चित्राची छापील प्रत, जीपीएस, पँटला कुसळं. कागदावर फिकट, जवळजवळ पांढरा ठिपका. समोर मुरूम, खडी, घोट्याएवढं वाळकं गवत. याच उघड्या खडीवर धाविक पक्षी घरटं न बांधताच अंडी घालतो. ती मातीच्या रंगाची असतात, त्यामुळे पाय जपूनच टाकावा लागतो.