खाऱ्या चिखलातील झाडे

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खंडाळ्यात पडलेला पाऊस शेवटी कोठे जातो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ओढ्यानाल्यांतून तो नीरेला मिळतो. नीरा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा दूर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस मात्र सावित्री नदीतून खाली कोकणात उतरतो आणि बाणकोटच्या खाडीत जातो. वाट लांबची असो वा जवळची, शेवटी गोड्या पाण्याची खाऱ्या पाण्याशी गाठ पडतेच. जेथे ही गाठ पडते, तेथील चिखलात एक विलक्षण जंगल उभे असते. त्याला म्हणतात कांदळवन किंवा खारफुटी.

एक सोपा प्रयोग

हे जंगल विलक्षण का, हे समजण्यासाठी समुद्रावर जायला नको. घरीच एक प्रयोग करा. बटाट्याच्या दोन सारख्या पातळ चकत्या कापा. एक साध्या पाण्यात ठेवा. दुसरी, एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ठेवा. समुद्राच्या पाण्यात साधारण इतकेच क्षार असतात. दोन-तीन तासांनी चकत्या हातात घेऊन पाहा. साध्या पाण्यातली चकती ताठ असेल, तर मिठाच्या पाण्यातली लुळी पडलेली असेल. बाहेरचे पाणी अधिक खारट असल्यामुळे बटाट्याच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले गेले. यालाच परासरण म्हणतात.

आता सांगा, दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या झाडांची गतही बटाट्यासारखीच व्हायला नको का? मग ती हिरवीगार कशी राहतात?

पठारावरून खाडीकडे

या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत आपल्या शेजारचे कोल्हापूरही होते. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील डॉ. जी. व्ही. जोशी, डॉ. लीला भोसले आणि त्यांचे सहकारी यांनी खारफुटीच्या झाडांचा अभ्यास केला. ही झाडे क्षारांचे नियमन कसे करतात, यावरचा त्यांचा निबंध १९७५ साली एका आंतरराष्ट्रीय परिसंवादाच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. पुढे १९८२ साली जोशी व भोसले यांनी भारतातील खारफुटीच्या परिस्थितिविज्ञानावर लिहिले. समुद्रापासून दूर, पठारावर बसूनही समुद्रकाठचा प्रश्न हाती घेता येतो, तो असा!

अशा अभ्यासात कोवळ्या व जुन्या पानांतील सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे प्रमाण मोजून ते ताडून पाहतात. जगभरच्या अशा संशोधनातून झाडांच्या युक्त्या उघड झाल्या. पहिली युक्ती मुळांची. पाणी आत घेताना ती बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. कांदळाची मुळे या कामात फार काटेकोर असतात. दुसरी युक्ती पानांची. तिवराच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. आत शिरलेले जादा मीठ त्या बाहेर टाकतात. तिसरी युक्ती पेशींची. उरलेले मीठ पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवायचे, म्हणजे पेशीतील नाजूक कामकाजाला त्याचा उपद्रव होत नाही. उलट, याच साठ्याच्या जोरावर बाहेरच्या खाऱ्या पाण्यातूनही पाणी आत ओढून घेता येते. वैऱ्यालाच कामाला लावण्याचा हा प्रकार!

मिठाखेरीज आणखी एक अडचण असते. भिजलेल्या चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात.

गळलेल्या पानाचे मोल

झाड जगले, पण इतरांना त्याचा काय उपयोग? अमेरिकेतील फ्लोरिडात हील्ड व ओडम या शास्त्रज्ञांनी १९७०च्या सुमारास गळलेल्या पानांचा माग काढला. पाने कुजताना त्यांवर जीवाणू व बुरशी वाढतात. ते तुकडे खेकडे, कोळंबीसारखे लहान जीव खातात आणि त्या जीवांवर मासे पोसतात. चिखलावरच्या सूक्ष्म शैवालांचाही या अन्नात मोठा वाटा असतो, हे पुढच्या संशोधनातून दिसले. शिवाय मुळांच्या जाळीत माशांची पिल्ले आसरा घेतात. कांदळवन तोडले की कोळ्याच्या जाळ्यातील मासळीही घटू शकते, ती यामुळे.

तरीही बरीच वर्षे या जमिनीकडे पडीक दलदल म्हणूनच पाहिले गेले. तेथे भराव पडले, कचरा टाकला गेला, जळणासाठी झाडे तुटली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१२ साली महाराष्ट्राच्या वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला.

हा प्रश्न केवळ कोकणाचा आहे, असे मात्र समजू नका. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने व निचरा न झाल्याने कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. तेथे पीक का उगवत नाही? बटाट्याची चकती लुळी पडली, त्याचे मुख्य कारण येथेही लागू पडते. तिवराकडे मिठाला तोंड देण्याच्या युक्त्या आहेत. आपल्या उसाकडे त्या फारशा नाहीत. म्हणून शेताला पाणी बेताने देणे आणि जादा पाण्याला वाट करून देणे, हे आपल्यालाच करावे लागते.

कधी कोकणात गेलात, तर भिंग बरोबर न्या. कोरड्या दिवशी भर दुपारी तिवराचे पान न तोडता त्यातून पाहा. पानावर चमकणारे मिठाचे कण तुम्हाला दिसतील. आणि तोवर? घरात बटाटा आहे, मीठ आहे. आजच सुरुवात करा!