पाण्याचा रंग काय सांगतो?

गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा जिल्हा. गावोगावी तलाव, शेताजवळ बोडी. आपले ढीवर भाऊ पाणी पाहूनच सांगतात, "पाणी हिरवं झालं, आता मासा पोसेल." पाण्याचा रंग ओळखण्याची हीच विद्या समुद्रावरही चालते. पण समुद्र केवढा मोठा! काठावर उभे राहून त्याचा रंग कसा कळणार?

त्यासाठी आपल्या देशाने आभाळात डोळा बसवला. २६ मे १९९९ रोजी 'ओशनसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. त्याच महिन्यात, १ तारखेला, गोंदिया वेगळा जिल्हा झाला. पुढे २००९ साली दुसरा आणि २०२२ साली तिसरा ओशनसॅट गेला. हा तिसरा ओशनसॅट ७०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून समुद्राचा रंग टिपतो.

रंगावरून काय समजते? समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. धानाच्या पानात जो हिरवा रंग, तोच त्यांच्यात. त्या वाढल्या की निळे पाणी हिरवट दिसते. बारीक जीव त्यांना खातात, त्या जीवांना लहान मासे, लहानांना मोठे मासे. म्हणजे जिथे हिरवे पाणी, तिथे चारा. जिथे चारा, तिथे मासा येण्याचा संभव जास्त.

हैदराबादला समुद्राची माहिती देणारे सरकारी केंद्र आहे. ते पाण्याचा रंग आणि ऊब दोन्ही पाहते. मग मासा कुठे मिळण्याजोगा आहे, ते कोळी बांधवांना कळवते. त्यामुळे होडी उगाच भटकत नाही. डिझेल वाचते, वेळ वाचतो.

पण एक ध्यानात ठेवा. उपग्रहाला मासा दिसत नाही, पाण्याचा रंग दिसतो. आभाळ भरून आले की तोही दिसत नाही.

आणि फार हिरवे पाणी चांगले नव्हे! बांधीतले खत वाहून बोडीत गेले की शेवाळ माजते. रात्री ते शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरते. मेलेले शेवाळ सडते, तेव्हाही प्राणवायू खर्ची पडतो. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. कधी कधी मरतातही. समुद्रातही असेच घडते.

ओशनसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे ३६० मीटर लांबरुंद जागा. त्यात आपली बोडी कशी दिसणार? तिच्यावर आपणच नजर ठेवायची. खताचे पाणी बोडीत जाऊ देऊ नका. मासे पहाटे वर येऊ लागले, तर शेण व खाद्य टाकणे थांबवा. जमेल तर ताजे पाणी सोडा.

सांगा पाहू:
१. समुद्राचे पाणी हिरवट का दिसते?
२. तुमच्या बोडीचे पाणी आज कोणत्या रंगाचे आहे?