आंकड्यांमागील माणूस

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक वाद सुमारें तीन आठवडे चालला होता. वादाचा विषय आमच्या थोरल्या बंधूंचा नातू. बारावीच्या परीक्षेंत त्यानें गणितांत उत्तम गुण मिळविले. तेव्हां तो अभियांत्रिकीकडे जाणार हें सर्वांनीं गृहीतच धरिलें होतें. परंतु एके रात्रीं पानें मांडलीं असतां चिरंजीवांनीं जाहीर केलें कीं, आपणांस अर्थशास्त्र, मानवी वर्तन आणि डेटा सायन्स हे तीन विषय एकत्र शिकावयाचे आहेत. त्याच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या पुतण्यानें, विचारलें, "अर्थशास्त्र शिकून शेवटीं कारकुनीच ना रे करावयाची?" वहिनी म्हणाल्या, "माणसाचें वर्तन शिकायला कॉलेजांत कशाला जायला हवें? दोन सुना आणि चार नणंदा असलेल्या घरांत दहा वर्षें काढलीं कीं तें आपोआप येतें." शेवटीं उभयपक्षांनीं आम्हांस पंच नेमिलें.

आम्ही पडलों जुने शाळामास्तर. मॅट्रिकपर्यंतची विद्या आणि पाठशाळेंतील संस्कृत एवढेंच आमचें भांडवल. तरी न वाचतां निवाडा देणें बरें नव्हे, म्हणून मुलानें आणून दिलेलीं चार पुस्तकें आम्हीं वाचलीं, त्याला खोदखोदून प्रश्न विचारले, आणि जें समजलें तें येथें मांडीत आहोंत. कारण हाच प्रश्न आज इतरही घरीं उद्भवला असेल.

अर्थशास्त्राचें काम म्हणजे माणसें आपल्या तुटपुंज्या साधनांतून निवड कशी करितात तें पाहणें. ह्या शास्त्राच्या घरांत फार काळ एक कल्पित पुरुष राहत आला. तो आपलें हित अचूक जाणतो, प्रत्येक नफातोटा तोलून पाहतो, आणि आज ठरविलेलें उद्यां मोडीत नाहीं. असा पुरुष आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. डॅनिएल काह्नेमन आणि अमोस ट्व्हर्स्की ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं त्याची परीक्षा घेतली. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगांत प्रश्न असा होता: एका साथींत ६०० माणसें दगावण्याचा संभव आहे. एका उपायानें २०० नक्की वांचतील. दुसऱ्यानें सर्वच्या सर्व वांचण्याचा संभव एक तृतीयांश, आणि कोणीच न वांचण्याचा दोन तृतीयांश. शंभरांपैकीं ७२ जणांनीं पहिला उपाय पत्करिला. दुसऱ्या गटास तोच प्रश्न "पहिल्या उपायानें ४०० माणसें मरतील" अशा शब्दांनीं घातला, तेव्हां शंभरांपैकीं ७८ जण दुसऱ्या उपायाकडे वळले. कर्तरी प्रयोगाचा कर्मणि केला तरी वाक्याचा अर्थ बदलत नाहीं, असें आम्ही पस्तीस वर्षें मुलांना शिकवीत आलों. मन मात्र हा नियम मानीत नाहीं. ट्व्हर्स्की १९९६ मध्यें निवर्तले. काह्नेमन ह्यांस २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०१७ मध्यें तेंच पारितोषिक ह्याच वाटेनें चालणाऱ्या रिचर्ड थेलर ह्यांना मिळालें. म्हणजे अर्थशास्त्राच्या घरांत मानसशास्त्र आतां पाहुणें म्हणून राहिलेलें नाहीं.

तिसरा विषय डेटा सायन्स. त्याला मराठींत 'विदाविज्ञान' असा शब्द योजतात. 'विद्' म्हणजे जाणणें. शब्द सुरेख आहे, पण त्यांत एक मोहही आहे: विदा हाताशीं आली म्हणजे जाणणें झालें, असें वाटूं लागतें. ह्याचें एक उदाहरण ऐकावें. अमेरिकेंतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९७३ सालीं पदव्युत्तर वर्गांसाठीं अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकीं सुमारें ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, आणि स्त्रियांपैकीं सुमारें ३५ टक्क्यांना. कोणीही म्हणेल कीं, येथें स्त्रियांवर उघड अन्याय होतो. परंतु पीटर बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विभागवार हिशेब मांडून १९७५ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हां बहुतेक विभागांत तसा पक्षपात आढळेना. एकंदर झुकाव किंचित् स्त्रियांच्याच बाजूचा निघाला. कारण असें कीं, जेथें प्रवेश मिळणें कठीण, त्याच विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते. आतां त्या तिकडेच कां वळल्या? गणितावर आधारलेल्या विषयांपासून त्यांना लहानपणीं कोणीं दूर ठेविलें? हें त्या तक्त्याच्या कोणत्याही रकान्यांत लिहिलेलें नव्हतें. आंकडा 'किती' हें सांगतो. 'कां' हें विचारावयास माणसाकडेच जावें लागतें.

हे तिन्ही विषय एकत्र आले म्हणजे काय साधतें, तें राजस्थानांतील उदेपूरच्या खेड्यांत दिसून आलें. तेथें लस सरकारी व फुकट. तरीही सर्व लसी पूर्ण झालेलीं मुलें फारच थोडीं. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'सेवा मंदिर' ह्या संस्थेच्या साह्यानें १३४ गांवें निवडिलीं आणि चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे तीन गट पाडिले. ३० गांवांत दरमहा न चुकतां लसीकरणाचें शिबिर भरविलें. आणखी ३० गांवांत शिबिराबरोबर दर लसीमागें एक किलो डाळ, आणि सर्व लसी पूर्ण होतांच थाळ्यांचा संच दिला. उरलेल्या ७४ गांवांत कांहींच नवें केलें नाहीं. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेला निकाल असा: कांहीं न केलेल्या गांवांत पूर्ण लसीकरण झालेलीं मुलें ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गांवांत १८ टक्के, आणि डाळीच्या गांवांत ३९ टक्के. शिवाय परिचारिकेचा दिवस रिकामा न जातां तिच्यापुढें अधिक मुलें येऊं लागल्यामुळें, डाळीचा खर्च धरूनही दर लसीमागील खर्च सुमारें निम्म्यावर आला.

हें वाचून दाखविलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "डाळीच्या लोभानें कोणी पोराला सुई टोचून घेत नाहीं, भाऊजी. पण 'पुढच्या खेपेस जाऊं' म्हणणारी बाई डाळीच्या निमित्तानें आज उठते." विद्वानांनींही कांहींसें असेंच अनुमान केलें आहे. त्यावर नातू हंसून म्हणाला, "आजी, तुला हें ठाऊक आहे, खरें. पण १८ चे ३९ झाले हें मोजून दाखविल्याशिवाय सरकार तुझें ऐकेल का?" त्या दिवशीं वादांत प्रथमच दोन्ही पक्षांचें कांहीं तरी खरें ठरलें. बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर ह्यांस २०१९ चें नोबेल मिळालें. अभिजितरावांचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, हें आमच्या वाचकांस कळविण्याचा मोह आवरत नाहीं.

आणि हा मार्ग आपल्याकडे नवा आहे असेंही नाहीं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं पुणें शहराची घरोघर जाऊन पाहणी करविली. ह्याच संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांनीं १९७१ मध्यें भारतांतील दारिद्र्याचा हिशेब मांडिला. दर माणशीं रोज २,२५० उष्मांक हें माप धरून त्यांनीं दाखविलें कीं, १९६०–६१ सालीं ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्के आणि नागरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्के लोकांना तेवढें अन्न देणारा खर्चही परवडत नव्हता. पुढें सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ह्यांनीं आक्षेप घेतला कीं, एकाच माणसाची गरज दिवसांमागून दिवस कमीजास्त होते. सरासरीच्या खालीं असलेला प्रत्येक जण उपाशीच, असें मोजणें चूक. दांडेकरांना तें मान्य नव्हतें. दोघेही गणितांत पारंगत. भांडण बेरजेचें नव्हतेंच. भुकेला कोणास म्हणावें, हा खरा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरावर कोट्यवधि लोकांच्या अन्नाची धोरणें ठरावयाचीं होतीं.

येथें आमचा स्वतःचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. एका खेड्यांतील शाळेंत आम्ही असतां सातवीच्या हजेरीपटांत दर मंगळवारीं तीं तींच नांवें गैरहजर दिसत. आम्हीं शेऱ्याच्या रकान्यांत "आळस व पालकांची अनास्था" असें लिहून टाकिलें. त्यांत एक मुलगी गणितांत फार हुशार होती. मंगळवार हा शेजारच्या गांवचा बाजाराचा दिवस. आई भाजी विकावयास जाई आणि धाकट्या भावास सांभाळावयास ही घरीं राही. हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं, कारण आम्हीं कोणास विचारिलेंच नाहीं. वर्षअखेर तिचें नांव पटावरून गेलें. दोन वर्षांनीं ती त्याच बाजारांत तराजू घेऊन बसलेली दिसली. "गुरुजी" म्हणून नमस्कार केला, भाजी तोलली, आणि आमचा हिशेब आमच्याआधीं तोंडीं केला. आमचा हजेरीपट अक्षरशः बिनचूक होता. निष्कर्ष मात्र सर्वस्वीं चुकला होता.

म्हणून आमचा निवाडा असा. हे तीन विषय सुटे सुटे शिकल्यास प्रत्येकाचा धोका आहे. एकत्र शिकल्यास एक दुसऱ्याची चूक दाखवितो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेण्याची सोय केली आहे; परदेशांतही, उदाहरणार्थ मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र व विदाविज्ञान ह्यांची जोडपदवी २०१७ पासून आहे. पालकांनीं नुसत्या नांवास न भुलतां महाविद्यालयास चार प्रश्न विचारावे. गणित व संभाव्यताशास्त्र किती खोल शिकवितात? मानसशास्त्राचे प्रयोग विद्यार्थी स्वतः करितात कीं केवळ वाचतात? संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकवितात कीं तयार यंत्राचीं बटणें दाबावयास? आणि विद्यार्थ्यास कधीं गांवांत, बाजारांत पाठवितात काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आल्यास आम्ही तरी विचारांत पडूं. पोटाचा प्रश्न पुतण्यानें काढला होता, तो रास्तच. पेढ्या, विमा कंपन्या, सरकारी पाहण्या, संशोधनसंस्था अशा ठिकाणीं ह्या विद्येला काम आहे. पण मोबाइलवरील दुकानांतही आहे. जी विद्या बाईस लसीकरणाच्या शिबिरापर्यंत नेते, तीच माणसास नको त्या खरेदीपर्यंतही नेते. कोणाच्या बाजूनें ती वापरावयाची, हें पदवीबरोबर लिहून मिळत नाहीं. तें घरींच शिकावें लागतें.

पुतण्यानें दोन्ही अर्ज भरावयास लाविले आणि अखेरच्या दिवशीं कोणता ठेवावा हें मुलावर सोंपविलें. त्यानें कोणता ठेविला, तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. वहिनींनीं एवढीच अट घातली कीं, सुटींत घरीं येऊन तिला सारें समजेल अशा भाषेंत सांगावें. निघतांना तो आमच्या पायां पडला, आणि त्या मंगळवारच्या बाजाराचें गांव कोणतें, तें विचारून त्यानें आपल्या वहींत लिहून घेतलें.