अपडेट अडले म्हणून फॉरमॅट कशाला? लिनक्समधील डिपेंडन्सी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्सवर बसणारे प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येते. पॅकेजमध्ये प्रोग्रॅमच्या फायलींबरोबर एक नोंदही असते. या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजेस लागतात, ती कोणत्या आवृत्तीची हवीत आणि कोणाशी त्याचे मुळीच जमत नाही, हे त्या नोंदीत लिहिलेले असते. लागणाऱ्या पॅकेजांना डिपेंडन्सी म्हणतात आणि न जमण्याला कॉन्फ्लिक्ट. डेबियन, उबंटू, मिंट आणि सी-डॅकची ‘बॉस’ ही एका घराण्यातली. त्यांत नोंदी वाचून हिशोब जुळवण्याचे काम एपीटी करतो आणि फायली प्रत्यक्ष डिस्कवर बसवण्याचे काम डीपीकेजी. फेडोरा आणि रेडहॅटच्या घराण्यात हीच वाटणी डीएनएफ आणि आरपीएम यांच्यात आहे. हिशोब करणारा वेगळा आणि बसवणारा वेगळा, एवढे ध्यानात राहिले तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा : अपडेट करताना पडद्यावर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ उमटले की सिस्टीम बिघडली, आता फॉरमॅट मारण्यावाचून गत्यंतर नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये, कार्यालयातल्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ सहकाऱ्याकडे, कुठेही विचारा, सल्ला हाच मिळतो. ही सवय विंडोजच्या जमान्यात लागली. व्हायरस आला, फॉरमॅट. मशीन संथ झाले, फॉरमॅट. प्रिंटर चालेना, तरी फॉरमॅट. लिनक्सवर ती तशीच चालू ठेवणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

वस्तुस्थिती अशी की हा संदेश येतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच बिघडलेले नसते. एपीटी आधी कागदावरचा हिशोब पूर्ण करतो. कोणते पॅकेज येणार, कोणते जाणार, कोणाची आवृत्ती बदलणार हे सगळे जुळल्यावरच तो डाउनलोड सुरू करतो आणि त्यानंतर डीपीकेजीला काम देतो. हिशोब जुळला नाही तर तो तिथेच थांबतो. एकाही फायलीला हात लागत नाही. मशीन पाच मिनिटांपूर्वी जसे होते तसेच असते. ब्राउझर चालतो, छपाई होते, काम चालू राहते. म्हणजे एपीटीने चुकीचे पाऊल टाकायला नकार दिला आणि त्याची शिक्षा मात्र अख्ख्या डिस्कला!

या भीतीला संदेशाची भाषाही थोडी जबाबदार आहे, हे कबूल करायला हवे. शेवटी येणारे ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हे वाक्य वाचून कोणालाही वाटेल, की पॅकेजेस मोडली आहेत आणि ती कोणीतरी अडवून धरली आहेत. प्रत्यक्षात ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ ही आज्ञा दिली तर अनेकदा यादी कोरी निघते. कोणी काही अडवलेले नसते. सगळ्यांच्या अटी एकाच वेळी पाळणारी मांडणी सापडली नाही, एवढाच त्या वाक्याचा आशय. खरी माहिती त्याच्या वरच्या ओळींत असते आणि त्या वाचण्याची तसदी कोणी घेत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. उबंटू २२.०४ वर सी भाषा शिकण्यासाठी ‘बिल्ड-इसेन्शियल’ बसवायला जावे, तर एपीटी म्हणतो : ‘लिबसी६-डेव्ह : डिपेंड्स : लिबसी६ (= २.३५-०उबंटू३) बट २.३५-०उबंटू३.८ इज टू बी इन्स्टॉल्ड’. या ओळीत दोन आवृत्त्या आहेत. कंसातली आवृत्ती एप्रिल २०२२ च्या मूळ प्रकाशनातली. दुसरी नंतरच्या दुरुस्त्यांसह आलेली, मशीनवर आधीच असलेली. लिबसी६-डेव्हला आपल्याच आवृत्तीचे लिबसी६ लागते, एका अंकाचाही फरक चालत नाही. मग मशीनवर नवे लिबसी६ असताना एपीटी जुने लिबसी६-डेव्ह का पुढे करतो? कारण त्याला तेवढेच दिसते. नवे पॅकेज ‘जॅमी-अपडेट्स’ या रिपॉझिटरीत, म्हणजे २२.०४ च्या अपडेट्सच्या ऑनलाइन साठ्यात, आहे आणि ती कोणीतरी, बहुधा डेटा वाचवण्यासाठी, बंद करून ठेवलेली आहे.

याची खातरजमा ‘एपीटी पॉलिसी लिबसी६ लिबसी६-डेव्ह’ या आज्ञेने होते. बसवलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कोणत्या रिपॉझिटरीतून येते, हे तीनही ती दाखवते. बसवलेल्या लिबसी६ पुढे कोणत्याच रिपॉझिटरीचे नाव नसेल, फक्त डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा पत्ता असेल, तर दुखणे सापडले. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीत जाऊन अपडेट्स आणि सिक्युरिटी या दोन्ही रिपॉझिटरी चालू कराव्यात, ‘एपीटी अपडेट’ द्यावे आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ बसवण्याची आज्ञा पुन्हा द्यावी. काम होते. याउलट लिबसी६ जबरदस्तीने मागच्या आवृत्तीवर आणण्याचा उद्योग करू नये. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्या एका लायब्ररीवर उभा असतो. ती फसली तर लॉग-इनही होत नाही आणि तेव्हा मात्र फॉरमॅटवाल्यांचे म्हणणे खरे ठरते.

फॉरमॅटने डिपेंडन्सीचा प्रश्न सुटतो असे वाटते, कारण नव्या सिस्टीमवर बाहेरून जोडलेली रिपॉझिटरी नसते. आठवड्याभरात जुनाच पीपीए (एखाद्या व्यक्तीने किंवा गटाने चालवलेली बाहेरची रिपॉझिटरी) जोडला जातो, त्याच संकेतस्थळावरची तीच डेब पॅकेज-फाइल बसवली जाते आणि तोच संदेश परत येतो. दरम्यान होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर नसेल तर त्यातले सगळे गेलेले असते.

दुसरा गैरसमज पहिल्याचा धाकटा भाऊ : ‘फोर्स’ केले की होते. डीपीकेजीला ‘--फोर्स-डिपेंड्स’ किंवा आरपीएमला ‘--नोडेप्स’ सांगितले की तक्रार ऐकू येत नाही हे खरे, पण लागणारी लायब्ररी त्यामुळे हवेतून येत नाही. पॅकेज बसते, प्रोग्रॅम सुरू होत नाही. शिवाय डेबियनच्या घराण्यात त्या क्षणापासून एपीटी दुसरे काहीही बसवायला नकार देतो. इथे पहिल्यांदा सिस्टीम खरोखर बिघडलेली असते आणि ती मालकानेच बिघडवलेली असते. उतारा ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ही आज्ञा राहिलेल्या डिपेंडन्सी आणते. त्या मिळाल्या नाहीत तर ते पॅकेजच काढायला सुचवते. उतरवलेली डेब फाइल बसवायची असेल तर डीपीकेजीला थेट न सांगता ‘एपीटी इन्स्टॉल’पुढे बिंदू-तिरकी रेघ आणि फाइलचे नाव द्यावे. मग डिपेंडन्सी एपीटी स्वतः आणतो. ही सोय २०१५ पासून आहे.

एपीटीने मार्ग सुचवला म्हणजे तो सुरक्षितच, हा याच्या उलट टोकाचा भ्रम. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस टेक टिप्स या कॅनडातील यूट्यूब वाहिनीच्या लिनस सेबॅस्टियन यांनी पॉप-ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. रिपॉझिटरीतल्या आवृत्त्यांचा मेळ त्या वेळी बिघडलेला होता. एपीटीने काढलेला तोडगा असा, की स्टीम हवे असेल तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल. त्याने स्पष्ट इशारा दिला आणि ‘येस, डू अॅज आय से!’ असे टाइप करायला सांगितले. ते टाइप झाले आणि डेस्कटॉप गेला. लाखो लोकांनी हे पाहिले. पुढे एपीटीच्या २.३.१२ आवृत्तीपासून अत्यावश्यक पॅकेजेस अशा एका वाक्यावर काढता येत नाहीत. त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तरीही ‘वाय’ दाबण्यापूर्वी ‘विल बी रिमूव्ह्ड’खालची यादी वाचणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

सिस्टीम खरोखर अर्धवट अवस्थेत सापडते ती वीज गेल्यावर. हिशोब जुळला, डीपीकेजी फायली बसवत होता आणि मध्येच लाइट गेली, तर काही पॅकेजेस उलगडलेली पण सिद्ध न झालेली राहतात. लोडशेडिंग भोगलेल्या महाराष्ट्राला हा प्रसंग समजावून सांगायला नको. यावरही उपाय फॉरमॅट नाही. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा राहिलेले काम जिथल्या तिथून पुढे नेते. कोणत्या पॅकेजचे काय झाले याची नोंद डीपीकेजी एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवतो आणि तिच्या मागील प्रती व्हार-बॅकअप्स या फोल्डरमध्ये जमा होत असतात.

‘लॉक’ची फाइल उडवा, हा सल्लाही असाच उथळ. ‘कुड नॉट गेट लॉक’ याचा अर्थ दुसरा कोणी पॅकेजांवर काम करतो आहे. उबंटूवर तो बहुधा मागच्या बाजूला चालणारा स्वयंचलित सुरक्षा-अपडेट असतो. लॉक प्रोग्रॅमने धरलेला असतो, नुसती फाइल तिथे असल्याने तो लागत नाही. फाइल पुसून दोन प्रोग्रॅम एकाच वेळी तीच नोंदवही लिहू लागले, तर नोंदवहीचे काय होईल ते सांगायला नको. थोडे थांबावे.

मग तंटा मुळात येतो कुठून? बहुतेक वेळा सरमिसळीतून. उबंटू डेबियनवरूनच घेतलेली आहे, मग तिची रिपॉझिटरी डेबियनला चालेलच, असा तर्क केला जातो. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉसही डेबियनवर आधारलेली, म्हणून तिलाही उबंटूचे पीपीए जोडले जातात. पॅकेजची नावे सारखी असली तरी ती वेगवेगळ्या लायब्ररींच्या आवृत्त्यांवर बांधलेली असतात. डेबियनच्या विकीवर अशा मिश्रणाला ‘फ्रँकनडेबियन’ म्हटले आहे आणि ‘डोंट ब्रेक डेबियन’ या पानावर ते टाळण्याचा सल्ला ठळकपणे दिला आहे. पीपीएमुळेच तंटा झाला असेल तर ‘पीपीए-पर्ज’ हे साधन तो पीपीए काढते आणि त्यातली पॅकेजेस मूळ आवृत्तीवर परत आणते.

कधी दोष वापरणाऱ्याचा नसतो. ३२ बिटांत सेकंद मोजणारी युनिक्सची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जाणार आहेत. ते टाळण्यासाठी २०२४ मध्ये डेबियन आणि उबंटूने शेकडो लायब्ररी नव्याने बांधल्या आणि त्यांच्या नावांना ‘टी६४’ जोडले. त्यामुळे उबंटू २४.०४ वर जुन्या नावाने ‘लिबअसाउंड२’ मागितले, तर ते बसवता येत नाही असे उत्तर मिळते. ‘लिबअसाउंड२टी६४’ मागितले की मिळते. जुने मार्गदर्शन डोळे मिटून उतरवून घेणाऱ्यांची इथे फार फजिती झाली.

‘एवढे साधे जुळवता येत नाही म्हणजे एपीटी मठ्ठ आहे’ असेही ऐकू येते. हे जुळवणे गणिताच्या दृष्टीने एनपी-पूर्ण वर्गातले आहे, असे युरोपातील ईडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीत ते कोणत्याही संगणकाला जड जाईल. रोजच्या वापरात ते क्षणात होते, ही कौतुकाची गोष्ट आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘एपीटी अपडेट’ने सिस्टीम अद्ययावत होत नाही, फक्त यादी ताजी होते, काम ‘अपग्रेड’ करते. ‘फुल-अपग्रेड’ पुढच्या उबंटूवर नेत नाही; गरज पडल्यास जुनी पॅकेजेस काढण्याची मुभा तेवढी घेते. ‘केप्ट बॅक’ ही चूक नव्हे. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने देते आणि त्या मशीनची पाळी आलेली नसते. ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणजे निव्वळ कचरा काढणे असे नाही; तमिळ, बंगाली फाँट नकोत म्हणून ‘फाँट्स-इंडिक’ काढले, तर पुढच्या ऑटोरिमूव्हच्या यादीत देवनागरी फाँटही येऊ शकतात. ‘सुडो पिप’ने बसवलेले पायथनचे पॅकेज एपीटीच्या हिशोबात नसते, डेबियन १२ पासून तसे करायला सरळ मनाई केली जाते आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरायला सांगितले जाते. आर्च लिनक्सवर यादी ताजी करून एकच पॅकेज घेणे म्हणजे अर्धे अपग्रेड. ते आर्चला मान्य नाही. फ्लॅटपॅक ही पॅकेजची वेगळी पद्धत तंटा टाळते, पण लायब्ररी बरोबर घेऊन फिरते, त्यामुळे डिस्क जास्त खाते. डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही. १२ वरूनच जावे लागते.

‘चालू मशीनला हात लावू नये’ हा कारखान्यातला नियम मात्र पूर्ण खोटा नाही. अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीसारख्या वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लिनक्स-सीएनसीवर राउटर किंवा मिलिंग मशीन चालत असेल, तर त्याला रिअल-टाइम कर्नल लागतो. कर्नल बदलून वेळेचा नेम चुकला की जॉब वाया जातो. तिथे तेवढेच पॅकेज ‘एपीटी-मार्क होल्ड’ने थांबवावे. त्यासाठी सगळीच अपडेट बंद करण्याचे कारण नाही, आणि कोणती पॅकेजेस थांबवली आहेत ते मशीनच्या वहीत लिहून ठेवावे. दोन वर्षांनी दुसरा माणूस येतो, त्याला होल्ड माहीत नसतो आणि ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हे वाक्य त्या वेळी अक्षरशः खरे असते.

फॉरमॅट योग्य ठरते ती वेळ वेगळी : डिस्कच खराब होऊन वाचताना चुका येऊ लागल्या, किंवा लिबसी६ सारखा पायाच निघून गेला. एरवी मदत मागताना मोबाइलवर काढलेला शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नये. एपीटीचा संपूर्ण संदेश, ‘एपीटी पॉलिसी’चे उत्तर आणि जोडलेल्या रिपॉझिटरींची यादी द्यावी, एवढ्यावर जाणकाराला बहुतेक वेळा मशीन न पाहताच कारण सांगता येते.