कर्जासोबतचा विमा: सही करण्याआधी हे गणित करा



समजा, आजऱ्यात तुम्हाला काजू प्रक्रियेचं युनिट टाकायचंय. घर तारण ठेवून 10 लाखांचं कर्ज काढताय. मुदत 10 वर्षं, व्याज 10 टक्के. सहीच्या वेळी साहेब म्हणतात, "40 हजारांचा विमा घ्या, कर्जातच बसवतो." इथे थांबा!

प्रीमियम कर्जात मिळवला की त्यावरही व्याज लागतं. हप्ता साधारण 529 रुपयांनी वाढतो आणि 40 हजारांचे शेवटी 63 हजारांवर जातात. शिवाय असं कव्हर बहुतेकदा कर्जाबरोबर घटत जातं. पाच वर्षांनी ते 6.2 लाखांच्या आसपास उरेल, आणि क्लेमचे पैसे आधी कर्जखात्यात जातील.

आता 10 लाखांच्या साध्या टर्म प्लॅनचा दर काढा. त्यात कव्हर शेवटपर्यंत 10 लाखच राहतं. कर्ज फेडून उरलेली रक्कम घरच्यांच्या हाती पडते. वय कमी, तब्येत ठणठणीत असेल तर तो बहुधा स्वस्तच पडतो. वय जास्त किंवा शुगर-बीपी असेल, तर दोन्हींचे दर समोर ठेवूनच ठरवा. तब्येतीची माहिती मात्र लपवू नका, नाहीतर क्लेम अडकतो.

कर्जासाठी जीवन विमा कायद्याने सक्तीचा नाही. आधीच घेतलाय? पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

पण विमाच नको, असं करू नका. तारण घर आहे. आपल्या माघारी ते घरच्यांकडेच राहिलं पाहिजे!