श्रद्धेला तारण काय?

गेल्या नाताळात भाचा वाशिमला आला होता. पुण्यात शिकतो, वाचन दांडगे, आणि आपण नास्तिक आहोत हे सांगताना त्याचा आवाज जरा चढतो. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म तीन पिढ्यांचा. सकाळची उपासना आटोपून घरी आलो, जेवणे झाली, करंज्यांचे ताट मध्ये आले आणि त्याने विचारले, ‘‘मामा, तुम्ही तेहेतीस वर्षे बँकेत काढलीत. सातबारा आणि जामीनदार पाहिल्याशिवाय कुणाला रुपया दिला नाहीत. मग देवावर एवढा विश्वास कशाच्या जोरावर? त्याचे तारण काय?’’

‘‘सणाच्या दिवशी हे काय काढलेस रे!’’ बहीण रागावली. मी म्हटले, ‘‘विचारू दे.’’ प्रश्न खरा होता. शिवाय तो माझाही होता.

आपल्याकडे एक समज आहे. श्रद्धाळू माणूस प्रश्न विचारत नाही आणि प्रश्न विचारणारा श्रद्धाळू राहत नाही, असा. मराठी ख्रिस्ती परंपरेकडे पाहिले की हा समज टिकत नाही. पंडिता रमाबाईंचेच उदाहरण घ्या. १८७४च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. शास्त्रात सांगितलेली व्रते, उपास, दानधर्म सारे करून झाले होते. भुकेने ग्रासलेल्या त्या मुलीची श्रद्धा तिथेच डळमळली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मान तुकवून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्रैक्य म्हणजे काय, येशूला देव का म्हणायचे, यावरून आपल्याला आधार देणाऱ्या जोगिणींशीच त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पटल्याशिवाय मानणार नाही, हा त्यांचा बाणा. आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र जवळजवळ आठ वर्षांनी भेटला, असे त्यांनीच पुढे सांगितले. आणि ती श्रद्धा तर्कात अडकून राहिली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना बरोबर घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले ते त्यातून.

लक्ष्मीबाई टिळकांचे तसेच. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. नवऱ्यामागे त्या लगेच गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याच्या घरी येऊनही आपले सोवळे त्यांनी सांभाळले. जे पटले ते स्वतःच्या वेळी पटले. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला हे सांगायला नको. बायबलातही थोमा आहेच. जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणाला. त्याला कुणी शिष्यांच्या यादीतून काढून टाकले नाही.

भाचा म्हणाला, ‘‘हे ठीक आहे. पण शंका घेतली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.’’ बरोबर आहे. म्हणून मी त्याला आधी माझ्या बाजूची उणी नोंद सांगितली. प्रार्थनेने सारे रोग बरे करतो असे सांगणाऱ्या सभा आमच्यातही भरतात. औषध बंद करायला लावणारा उपदेशक मला भोंदूबाबाइतकाच धोकादायक वाटतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर अशा फसवणुकीविरुद्ध काम केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्या दिवशी देव मानणाऱ्या माझ्यासारख्यालाही आपले माणूस गेल्यासारखे वाटले. खोट्या देवांवर घाव घालणारा माणूस खऱ्या देवाचा शत्रू कसा असेल?

आमच्या वाशिममध्येच याचे एक जुने उदाहरण आहे. १९३८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या बाईंनी इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. माझा जन्म त्याच दवाखान्यातला. आई सांगायची, तिथे प्रार्थना होई आणि शस्त्रक्रियाही होई, पण एकीच्या जागी दुसरी कुणी ठेवली नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांचे भांडण पुस्तकांत वाचण्याआधी त्यांचा संसार मी असा घराजवळ पाहिला होता.

भाच्याने मग खरे शस्त्र काढले. ‘‘देव प्रेमळ असेल तर आपल्या जिल्ह्यात शेतकरी विष का पितात?’’

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग त्याला जे सांगितले, ते बहिणीनेही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

२००५ साल असेल. मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. कपाशी बुडालेला एक शेतकरी काउंटरशी उभा राहून म्हणाला, ‘‘साहेब, औंदा पीक आलं की भरतो ना जी.’’ मी मान हलवली आणि नियमाप्रमाणे वसुलीच्या नोटिशीवर सही केली. दोन महिन्यांनी त्याने फवारणीचे औषध घेतले. पुढच्याच वर्षी केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्यात वाशिम होता, पण तो माणूस नव्हता.

वर्षभर मला प्रार्थना करता आली नाही. चर्चमध्ये बसायचो, ओठ हलायचे. देव नाहीच, असे म्हणून पाहिले. त्याने प्रश्न सुटेल असे वाटले होते. सुटला नाही. फाइल स्वच्छ होती, नियम माझ्या बाजूने होता, कुणी बोट दाखवले नव्हते. तरी आतून कुणीतरी हिशेब मागत होते. कर्ज खात्यातून निर्लेखित करता येते, माणूस येत नाही, हे मला कोण सांगत होते?

‘‘मेंदू,’’ भाचा म्हणाला. ‘‘माणूस कळपाने जगत आला. एकमेकांची काळजी घेणारे टिकले.’’

असेलही. ती जाणीव कशी घडली हे विज्ञान सांगेल आणि मी ते मानेन. पण ती जाणीव मी ऐकायची की दाबून टाकायची, हे त्यातून ठरत नाही. कळपाच्या हिशेबात एक कर्जबुडवा शेतकरी गेला तर काय बिघडते? तरीही बिघडते, हे मला पक्के ठाऊक होते. नास्तिकालाही ते ठाऊक असते, आणि पुष्कळदा तो आमच्यापेक्षा अधिक निष्ठेने तसे वागतो. मला मात्र त्या खात्रीचे मूळ एकाच ठिकाणी सापडले. प्रत्येक माणसाची किंमत त्याच्या सातबाऱ्याबाहेर कुणीतरी आधीच ठरवली आहे, या विश्वासात.

दुःख का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ईयोबालाही ते मिळाले नव्हते. पण ख्रिस्ती माणूस ज्या देवापुढे गुडघे टेकतो, तो दुरून पाहणारा साहेब नाही. वधस्तंभावर त्याने स्वतःच ‘का?’ असे विचारले होते. माझ्या त्या कोरड्या वर्षात मला तेवढाच देव मानता आला. दुसरा कुठला मानता आला नसता.

आणि तारणाचे म्हणशील, तर कर्ज देताना कागद सगळे पाहावेत, हे मी शिकलो. पण कागद पाहून झाल्यावर शेवटी समोरच्या माणसावर विश्वास ठेवून सही करावी लागते. कागद ती सही करत नाहीत. बँकेत त्याला पत म्हणतात. श्रद्धा मला तशी वाटते. चौकशी चुकवून केलेली सही नव्हे, चौकशी जिथे संपते तिथे स्वतःच्या जबाबदारीवर केलेली.

भाच्याला पटले का? नाही. ‘‘माणूस निदान समोर असतो, मामा,’’ एवढे म्हणून तो उठला. मीही ताणले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याच्या घरी निघालो. दर नाताळात जातो, त्याच्या बायकोला फराळ नेऊन देतो. भाच्याने विचारले, ‘‘मी येऊ?’’ वाटेत त्याने देवाचा विषय काढला नाही. त्या माउलीने दिलेले पाणी प्यायला आणि उठताना, कुणी न सांगता, वाकून तिच्या पाया पडला.