तिसऱ्या पाळीचा डबा

थेरगावच्या डांगे चौकात रात्री कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांत काटक माणसंही बरीच. ‘मला कुठली साखर?’ हा त्यांचा भरवसा धोक्याचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! मधुमेहाला वाट करून देणारी ही चरबी वजनकाट्याला कळतच नाही.

त्यात रात्रपाळी. रात्री मेलाटोनिन वाढतं, इन्सुलिन कमी स्रवतं. म्हणून तोच भात रात्री दोनला खाल्ला तर साखर दुपारपेक्षा जास्त चढते. टाइप टू मधुमेह असलेल्यानं मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वीच उरकावं, डब्यात उसळ, काकडी, एखादी भाकरी न्यावी. (कँटीनचा गोड चहा दर ब्रेकला कशाला हवा?) जेवल्यावर दहा मिनिटं चाललं, तरी स्नायू इन्सुलिनवर फारसे न विसंबता रक्तातली साखर ओढून घेतात.

पाळी बदलली की औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला; गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी मशीनवर उभे राहू नका.